दोरीवरचं मशीन

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ठेकेदाराच्या यार्डात बारा-पंधरा वर्षं उभं असलेलं, वायर रोपवर, म्हणजे पोलादी तारांच्या दोरावर, चालणारं जुनं क्रेन-कम-ड्रॅगलाइन मशीन आहे. ड्रॅगलाइन म्हणजे दोराला टांगलेली बकेट लांब टाकून मातीतून स्वतःकडे ओढणारं मशीन. मालकाला ते चालू करून गावतलावातला गाळ काढायचा आहे. विचारणारा तरुण डिप्लोमा इंजिनिअर आहे आणि त्याने आजवर पोकलेनच हाताळलंय. त्याला दोन गोष्टी हव्यात: ही मशीनं चालायची कशी आणि चालवणाऱ्याला काय करावं लागायचं, ही एक; या मशीनवर पैसे घालावेत का, ही दुसरी.

दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातूनच निघतं, म्हणून आधी पहिलं.

मी 1974 साली जायकवाडीच्या कालव्याच्या कामावर हेल्पर म्हणून लागलो. डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132. म्हणजे नुसती माती उपसायचंच काम केवढं, याचा अंदाज करा. माझ्या वाट्याला आलेलं मशीन होतं 22-आरबी, रस्टन-ब्युसायरसचं, इंग्लंडातल्या लिंकनला बनलेलं. गावाकडच्या माणसांना 'रस्टन' हे नाव विहिरीवरच्या इंजिनामुळे माहीत होतं, त्यामुळे घरी सांगितलं तेव्हा आईला वाटलं की पोराला पाणी उपसायच्या इंजिनावर नोकरी लागली. तीही फार चुकली नव्हती, ते पुढे कळेल.

22-आरबीची बकेट पाऊण घनयार्डाची. आपल्या मापात सांगायचं तर काठोकाठ भरलेल्या पाच बकेटा म्हणजे एक ब्रास. आजच्या वीस टनी पोकलेनची बकेट यापेक्षा मोठी असते. तेव्हा मात्र ते मशीन सुरू झालं की आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं भाकरी बांधून बघायला यायची. दोनच वर्षांपूर्वीच्या दुष्काळात त्याच माणसांनी खोरं-घमेलं घेऊन पाझर तलाव खणले होते, त्यामुळे एका बकेटीत किती घमेली बसतील याचा हिशोब ती आमच्यापेक्षा पटकन करायची.

आता मुख्य गोष्ट. दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही. हे इतकं उघड आहे की कुणी सांगत नाही, पण त्या मशीनचं सगळं वागणं यातूनच येतं. पोकलेनमध्ये तेलाचा दाब सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना देता येतो. बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, वर घ्या, खाली दाबा, बकेट आत वळवा, बाहेर उघडा. प्रत्येक हालचालीला मागून जोर आहे. आमच्याकडे वर घ्यायला इंजिन, खाली यायला फक्त वजन. आणि त्या वजनाला आवरायला माझा पाय.

दोर गुंडाळणाऱ्या ड्रमच्या कडेला लायनिंग, म्हणजे घासून धरणारं अस्तर, लावलेला पट्टा, म्हणजे ब्रेक बँड. पायाने पेडल दाबलं की तो आवळायचा. ड्रम दोन: एक होइस्टचा, बकेट उचलायचा, दुसरा ड्रॅगचा, बकेट मशीनकडे ओढायचा. दोघांना दोन ब्रेक पेडल आणि दोन क्लचचे दांडे. तिसरा दांडा फिरवायचा, म्हणजे स्विंगचा. मशीन चालताना दोन्ही हात, दोन्ही पाय एकाच वेळी वेगवेगळं काम करत असायचे. तबलजीचे हात चालतात तसं काहीसं, फरक इतकाच की इथे ठेका चुकला तर अर्धा टन लोखंड अधिक टनभर माती कुठेतरी पडायची.

बकेट भरायची आणि ओतायची कशी, हे मला पहिल्या आठवड्यात कळेना. उस्ताद पंजाबी होता, शिकवायचा शिव्या देऊन. शेवटी मला ते कळलं मोटेमुळे. माझे वडील मोट हाकायचे. सोंडेच्या मोटेला दोन दोर असतात: जाड नाडा वरच्या चाकावरून मोट ओढतो, बारीक सोंदूर खालच्या कण्यावरून सोंड वर दुमडून धरतो. मोट वर येईपर्यंत सोंड उभी, पाणी सांडत नाही. थारोळ्याशी, म्हणजे पाणी ओतायच्या जागेशी, आली की सोंडेचं तोंड खाली होतं आणि पाणी आपोआप ओततं. हात लावावा लागत नाही. ड्रॅगलाइनची बकेट अगदी असंच करते. बकेटीच्या पुढच्या कमानीपासून एक छोटा दोर निघतो, वर होइस्टच्या साखळीला टांगलेल्या पुलीवरून जातो आणि ड्रॅगच्या साखळीला येऊन मिळतो. त्याला डम्प रोप म्हणतात. ड्रॅगचा दोर ताणलेला असेपर्यंत हा डम्प रोपही ताठ, बकेटीचं तोंड वर. ड्रॅगचा ब्रेक सोडला की तोंड खाली, माती बाहेर. हे डोक्यात बसल्यावर मी उस्तादाला 'मोट' हा शब्द समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तो फिर इतने दिन बैल क्यों बना रहा?"

म्हणजे माती भरताना ड्रॅगने ओढायचं, होइस्ट किंचित उचलून दात किती खोल जाताहेत ते सांभाळायचं. भरली की होइस्टचा क्लच घ्यायचा आणि ड्रॅगचा ब्रेक थोडा थोडा सरकू द्यायचा. एकदम सोडला तर तोंड खाली होऊन भरलेली माती तिथेच सांडते. अजिबात नाही सोडला तर दोन्ही दोर एकमेकांविरुद्ध ताणले जातात आणि बकेट बूमकडे खेचली जाते. नवशिक्याच्या मशीनच्या बूमवर खालच्या बाजूला पोचे असायचे ते याचेच.

परत येताना खरा खेळ. बूमच्या टोकाखाली बकेट टाकणं कुणालाही जमतं. चांगला ऑपरेटर ती टोकाच्या पुढे चार-पाच मीटर फेकायचा. बकेट मशीनकडे आत ओढून घ्यायची, ड्रॅग सोडायचा, ती झोक्यासारखी बाहेर जायला लागली की त्याच झोक्यात होइस्टचा ब्रेक सोडायचा आणि पडायच्या क्षणी पुन्हा दाबायचा. ज्वारीच्या मळ्यात पाखरं हाकायला गोफण फिरवली असेल त्याला कळेल की दोर कधी सोडायचा हे डोळ्यांना कळत नाही, मनगटाला कळतं. इथे मनगटाऐवजी तळपाय. बकेट जमिनीला टेकल्यावर ब्रेक दाबायला उशीर झाला तर ड्रम आपल्या वेगाने फिरत राहतो, रोप सैल होऊन एकमेकांत गुंततो, आणि मग दोन हेल्पर तासभर ते सोडवत बसतात. त्या तासात उस्ताद बोलायचा नाही, बिडी ओढत बसायचा. ते जास्त लागायचं.

पुढे मी टाटा-पी अँड एचच्या मशीनवर गेलो. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1961 पासून अमेरिकन हार्निशफेगरच्या सहकार्याने जमशेदपूरला ही मशीनं बनवायला घेतली होती, आणि त्यातल्या 955 या मॉडेलचा आकडा ऐकला नाही असा जुना साइटवाला महाराष्ट्रात सापडायचा नाही. एकाच मशीनला शॉवेल लावा, ड्रॅगलाइन लावा, ग्रॅब, म्हणजे जबड्यासारखी मिटणारी बकेट, लावा, नाहीतर नुसती क्रेन म्हणून वापरा.

माझं आवडतं काम ग्रॅबचं होतं, आणि त्यातही पुलाच्या विहिरी उतरवण्याचं. नदीत किंवा खाडीत पुलाचा खांब उभा करायचा तर काँक्रीटची पोकळ विहीर बांधायची, खाली कर्बची, म्हणजे बुडाच्या कड्याची, धार, वर स्टीनिंग, म्हणजे विहिरीची भिंत, वाढवत न्यायची, आणि आतली माती ग्रॅबने काढत गेलं की विहीर स्वतःच्या वजनाने खाली बसत जाते. ऑपरेटर वर, ग्रॅब वीस-पंचवीस मीटर खाली गढूळ पाण्यात. दिसत काही नाही. ग्रॅबलाही दोन दोर, एक धरायचा, एक जबडा मिटायचा. उघडा ग्रॅब ब्रेक सोडून खाली टाकायचा, तो वजनाने रुततो, मग मिटायचा दोर ओढायचा. तळाशी काय आहे हे पेडलवरून कळायचं. वाळूत ग्रॅब पडला की दोर मऊपणे सैल व्हायचा. चिकणमातीत जबडा मिटताना इंजिन दबायचं आणि उचलताना सुटायच्या क्षणी मशीनला एक हिसका बसायचा. दगडावर पडला की पेडलमधून टणका यायचा, थेट गुडघ्यापर्यंत. इंजिनिअर साहेब वरून विचारायचे, "काय लागलंय?" आणि आम्ही सांगायचो. नंतर पाणबुड्या उतरायचा आणि बहुतेक वेळा आमचंच म्हणणं खरं निघायचं. बहुतेक वेळा, एकदा मी छातीठोकपणे खडक सांगितला आणि निघालं बुडालेल्या होडीचं लाकूड.

विहीर सरळ उतरत नाही, कलते. मग जी बाजू वर राहिली आहे तिकडची माती काढायची, म्हणजे ती बाजू बसते. म्हणजे आंधळेपणी टाकलेला ग्रॅब विहिरीच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात पडला पाहिजे. खोली मोजायला आम्ही रोपला लाल चिंधी बांधायचो. आज मॉनिटरवर आकडा दिसतो. मला चिंधीचं कौतुक नाही, ती गळून पडायची. पण पायाला जे कळायचं ते मॉनिटर सांगत नाही असं माझं मत आहे, आणि ते बदलायची इच्छा नाही.

डोझरसुद्धा तेव्हा रोपवर होते, हे आता कुणाला सांगितलं तर पटत नाही. कॅटरपिलरच्या डी-8 डोझरच्या पाठीमागे विंच, म्हणजे रोप गुंडाळायचं यंत्र, तिथून रोप ऑपरेटरच्या डोक्यावरून पुढे ब्लेडला. ब्लेड उचलायची सोय, दाबायची नाही. कडक मुरमावर ते ब्लेड नुसतं नाचायचं. सुरू करायची तऱ्हाही न्यारी: आधी पेट्रोलवरचं छोटं दोन सिलिंडरचं डोंकी इंजिन हाताने सुरू करायचं, ते गरम झालं की त्याच्या जोरावर मोठं डिझेल फिरवायचं. थंडीच्या सकाळी अर्धा तास यातच जायचा.

आता वाईट बाजू, कारण माझ्या वयाची माणसं ती गाळून सांगतात.

पावसाळ्यात ब्रेकचं लायनिंग ओलं व्हायचं. ओलं लायनिंग धरत नाही. म्हणून सकाळी काम सुरू करण्याआधी रिकामी बकेट थोडी उचलून ब्रेक हलकासा घासत खाली सोडायची, असं दहा-बारा वेळा, म्हणजे लायनिंग तापून वाळतं. जळका वास येईपर्यंत करायचं, हा नियम. ऑपरेटर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, एका साइटवर, मी घाईत ते केलं नाही. पहिलीच भरलेली बकेट डंपरवर नेली, पेडल दाबलं, आणि पेडल दाबलेलं असतानाच बकेट खाली गेली. डंपरच्या केबिनचं छप्पर बसलं. ड्रायव्हर केबिनमध्ये नव्हता, कारण मशीन भरत असताना ड्रायव्हरने खाली उतरून लांब उभं राहायचं हा नियम त्याने पाळला होता. माझा नियम मी पाळला नव्हता. त्या दिवशी मी पुन्हा मशीनवर चढलो नाही. दुसऱ्या दिवशी चढलो तेव्हा वास येईपर्यंत ब्रेक घासत होतो, आणि वास आल्यावरही घासत होतो.

ड्रमवर रोप नीट बसत नाही म्हणून हाताने ढकलायला गेलेल्या एका हेल्परची दोन बोटं गेलेली मी पाहिली आहेत. तुटलेल्या तारा हातमोजा फाडून आत शिरतात. बसायची जागा म्हणजे लोखंडी सीटवर घडी घातलेलं गोणपाट. पाठीमागे उघडं इंजिन. मला आज डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उजवा गुडघा जिना चढताना बोलतो. आमच्यातल्या फार थोड्यांना धड कान आणि धड गुडघे दोन्ही राहिले.

आणि ही मशीनं गेली ती उगाच नाही. एल अँड टीने फ्रान्सच्या पोक्लेन कंपनीचं 90 सीके इथे आणलं आणि ते नाव इतकं रुजलं की आज कुठल्याही कंपनीचं मशीन असलं तरी लोक पोकलेनच म्हणतात. 1984 मध्ये टेल्कोने हिताचीशी करार केला. मी स्वतः हायड्रॉलिक मशीनवर पहिल्यांदा बसलो तेव्हा पाय कुठे ठेवायचे हेच कळेना, ते उगाच पेडल शोधत होते. पण तासाभरात लक्षात आलं की जे शिकायला मला दोन वर्षं लागली ते नवीन पोरगा दोन महिन्यांत करणार. मालक कशाला रोपवाल्याची वाट बघेल?

रोप संपूर्ण गेला मात्र नाही. मुंबईत कितीतरी इमारतींचे पाइल, म्हणजे पायाचे जमिनीतले खांब, तिकाटण्यावर विंच बसवून, चिझल म्हणजे जड छिन्नी आपटून खणले गेले. तोच पट्टा, तोच ब्रेक. मेट्रोच्या स्टेशनांच्या डायाफ्राम वॉलसाठी, म्हणजे जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतीसाठी, रोपवरचे ग्रॅब आजही खाली जातात. सिंगरौलीच्या कोळसा खाणींत '24/96' नावाने ओळखल्या जाणाऱ्या ड्रॅगलाइन आहेत: बकेट 24 घनमीटर, बूम 96 मीटर. आमच्या 22-आरबीच्या चाळीसेक बकेटा एका घासात. आणि तिथेही बकेटीचं तोंड वर धरायला डम्प रोपच आहे. नाडा आणि सोंदूर.

आता तुमच्या मशीनविषयी.

तलाव उन्हाळ्यात पूर्ण आटत असेल तर मशीनला हात लावू नका. पोकलेन भाड्याने घ्या, आत उतरवा, डंपर भरा. ते स्वस्त पडेल. तलावात पाणी राहत असेल, तळ दलदलीचा असेल आणि आत मशीन उतरवलं तर रुतणार असेल, तरच ड्रॅगलाइनला अर्थ आहे, कारण ती काठावर उभी राहून लांबून ओढते. तेही काठ पक्का असेल तर. काळ्या मातीच्या काठावर उभं करायचं असेल तर खाली लाकडी स्लीपरची चटई लागेल. काळी माती बकेटीला चिकटूनही बसते; आम्ही बकेटीच्या तळाला भोकं पाडायचो, म्हणजे हवा शिरून माती सुटते.

चालू करायचंच ठरलं, तर इंजिनापासून सुरुवात करू नका. सगळे तिथूनच करतात, कारण इंजिन धडधडलं की मालक खूश होतो. आधी बूम बघा. जाळीच्या बूमचे चार मुख्य कोपरे सरळ आहेत का, आडव्या-तिरप्या पट्ट्या वाकल्यात का, गंजून पातळ झाल्यात का. मुख्य कोपऱ्याला पोचा असेल तर तो साइटवरच्या वेल्डरकडून भरून घेऊ नका. ते पोलाद साधं नसतं, वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारीच तडकतं. तो तुकडाच बदलावा लागतो, आणि तो मिळणार नसेल तर विषय तिथेच संपला, मशीन भंगारात द्या.

रोप सगळे नवीन. बाहेरून बरे दिसतात म्हणून ठेवू नका, पंधरा वर्षांत आतलं वंगण वाळून गाभा कुजलेला असतो. नवीन रोप बांधताना बुलडॉग क्लिपचा, म्हणजे रोपचं टोक आवळणाऱ्या चिमट्याचा, यू-बोल्ट रोपच्या मेलेल्या टोकावर आला पाहिजे आणि खोगीर भार घेणाऱ्या बाजूवर. उलटं बसवलेलं मी आजही निम्म्या साइटवर बघतो. वेज सॉकेटमध्ये, म्हणजे पाचरीने रोप धरणाऱ्या खोबणीत, भाराची बाजू सरळ ओळीत आली पाहिजे. ड्रॅगचा रोप सगळ्यांत आधी झिजणार, कारण तो मातीत घासतो. तो निम्मा झिजला की काढून टोकं उलटी करून बसवायचा, आयुष्य वाढतं. तुटलेल्या तारा शोधायला बोट फिरवू नका, सुती चिंधी फिरवा. अडकेल तिथे तार तुटलीय.

ब्रेक आणि क्लचचं जुनं लायनिंग बहुधा ॲस्बेस्टॉसचं असेल. काँप्रेसरच्या हवेने ती धूळ उडवू नका. ओली करून, मास्क लावून काढा. आम्ही वर्षानुवर्षं तोंडाने फुंकली, ते सोडा. बूम धरून ठेवणारा पॉल, म्हणजे ड्रमच्या दात्यात अडकणारी ती जीभ, झिजलेली असेल तर नवीन घडवून घ्या. बूम त्याच्या भरवशावर असतो. त्यानंतर टर्नटेबलचे रोलर, मग चेन, आणि इंजिन सर्वांत शेवटी. आणि एक गोष्ट आधीच ठरवा: मूळ लोड चार्ट, म्हणजे बूम कशी असताना किती वजन उचलता येतं त्याचा तक्ता, नसेल तर या मशीनने क्रेनचं काम करायचं नाही. गाळ ओढा, पण एकही गर्डर उचलू नका, मालकाने कितीही आग्रह केला तरी.

ऑपरेटर हीच खरी अडचण आहे. पोकलेनवाल्याला त्यावर बसवू नका, तो कितीही तरबेज असो. त्याचे हात शिकलेले असतात, पाय नाहीत. पाइलिंगच्या विंचवर काम केलेला माणूस शोधा, त्याला ब्रेकची सवय असते. तोही आठवडाभर रिकाम्या जागेत, जवळ माणूस आणि डोक्यावर विजेची तार नसताना, नुसती बकेट उचलू-ठेवू दे.

आणि संध्याकाळी मशीन बंद करताना बकेट जमिनीवर टेकवून ठेवायला सांगा. चहाला पाच मिनिटं उतरायचं असलं तरीसुद्धा.